फांसावरचा शाप

चेटकिणीच्या सुडाची गोष्ट बहुधा एकाच वाटेनें जाते. लहानसें गांव; गांवानें एका बाईला चेटकीण ठरवून मारलेलें; मरतांना तिनें शाप दिलेला; आणि दोन-तीन पिढ्यांनंतर तो शाप भलत्याच माणसांच्या घरावर येऊन कोसळलेला. अमेरिकेंत अशा कथांना तोटा नाहीं. त्यांतील पुष्कळींचा माग काढीत गेल्यास वाट मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराच्या गांवीं येऊन पोचते.

१६९२ सालीं सेलमच्या शेजारील खेड्यांत कांहीं मुलींना झटके येऊं लागले. वैद्याला निदान होईना, तेव्हां छळणारी कोण, असा प्रश्न निघाला, आणि एकामागून एक नांवें येऊं लागलीं. गव्हर्नरानें खास न्यायालय नेमलें. त्या न्यायालयानें एक विलक्षण पुरावा ग्राह्य धरला. आरोपीची छाया येऊन आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असें फिर्यादी मुलीनें सांगितलें कीं पुरे; ती छाया इतर कोणालाहि दिसण्याची गरज नव्हती. आरोपी बाई त्या वेळीं घरीं झोंपलेली होती, हा बचावच उरला नाहीं. आपली छाया रात्रीं कोठें हिंडत होती, हें झोंपलेल्या माणसानें सिद्ध करावें तरी कसें? एकोणीस जण फांसावर गेले. जाइल्स कोरी नांवाच्या वृद्ध शेतकऱ्यानें आरोपाला उत्तरच दिलें नाहीं, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचण्यांत आले. त्याखालीं तो मेला.

छाया सोडून बाकीच्या साक्षी वाचल्या म्हणजे मात्र खेडें स्पष्ट दिसूं लागतें. रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची धर्मशील म्हातारी. तिच्याविरुद्ध एका शेजारणीची साक्ष होती, ती अशी: आमचीं डुकरें हिच्या शेतांत शिरलीं, ही रागें भरली, आणि पुढें माझा नवरा आजारी पडून मेला. डुकरें, बांध, जमिनीच्या हद्दी! पंचांनीं रिबेकाला प्रथम निर्दोष ठरविलें होतें. न्यायाधीशांनीं फेरविचार करावयास लावून तो निर्णय फिरवून घेतला. कथेंत सूड चेटकीण घेते. सेलममध्यें तो आधींच घेऊन झाला होता, आणि घेणारे शेजारी होते.

रिबेकाबरोबर १९ जुलै रोजीं फांसावर चढलेल्या पांच जणींत सारा गुड होती. दारोदार मागून खाणारी, फटकळ तोंडाची बाई. गुन्हा कबूल कर, म्हणून निकोलस नॉइस नांवाचा पाद्री शेवटच्या क्षणीं तिच्या मागें लागला. माझा जीव घेशील तर देव तुला रक्त प्यावयास लावील, अशा अर्थाचें उत्तर तिनें दिलें. नॉइस १७१७ सालीं वारला, तेव्हां त्याच्या तोंडांत रक्त आलें होतें, अशी आख्यायिका गांवांत चालत राहिली.

ती आख्यायिका नॅथॅनिअल हॉथॉर्न या कादंबरीकाराच्या हातीं लागली. १८०४ सालीं सेलममध्येंच जन्मलेला हा लेखक. त्याचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ च्या न्यायाधीशांपैकीं एक. आरोपी दोषीच आहे असें धरून प्रश्न विचारणारे. घराण्याची ही लाज हॉथॉर्ननें लपविली नाहीं. १८५१ सालच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरींत कर्नल पिंचन या धनिकाचा डोळा मॅथ्यू मॉल नांवाच्या गरिबाच्या जमिनीवर असतो. तेथें गोड्या पाण्याचा झरा आहे. मॉलवर चेटकाचा आळ येतो, तो फांसावर जातो आणि जातां जातां रक्ताचा तोच शाप देतो. जमीन कर्नलला मिळते. झरा मचूळ होतो. वास्तूच्या दिवशीं पाहुणे जमतात, यजमान मात्र खोलीबाहेर येत नाहीं. दार उघडून पाहावें तों कर्नल खुर्चींत मरून पडलेला, दाढीवर रक्त!

मृत्यूचें कारण घराण्यांत चालत आलेला रोग असावा, असेंहि लेखक सुचवून ठेवतो. खरा सूड निराळाच आहे. तें घर बांधणारा मुख्य सुतार म्हणजे मॉलचाच मुलगा. पिंचन घराण्याला अफाट जमीन मिळवून देणारा दस्तऐवज तो कर्नलच्या तसबिरीमागील कोनाड्यांत दडवून ठेवतो. पिढ्यान् पिढ्या पिंचन मंडळी तसबिरीसमोर बसून तो कागद शोधतात. सांपडतो तेव्हां त्याला कवडीची किंमत उरलेली नसते. मंत्र नाहीं, तंत्र नाहीं. मोठमोठ्या भयकथांतहि इतका नेमका सूड क्वचितच सांपडेल.

प्रत्यक्ष सेलमच्या दोषी बायकांनीं मागितलें तें याहून फार थोडें. १७११ सालीं कायदा करून अनेकांवरील दोष काढण्यांत आला आणि भरपाई देण्यांत आली. एलिझाबेथ जॉन्सन नांवाच्या बाईला १६९३ सालीं देहांताची शिक्षा झाली होती, पण ती फांसावरून वांचली होती. तिचें नांव त्या यादींत नव्हतें. तिनें १७१२ सालीं स्वतः अर्ज केला: माझेंहि नांव घाला. तो अर्ज तसाच राहिला. तिच्यामागें मूलबाळ नव्हतें, तिच्यासाठीं पुन्हां अर्ज करणारें कोणी नव्हतें. अखेर मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेंतील मुलांनीं आणि त्यांच्या शिक्षिकेनें हें प्रकरण उचलून धरलें, आणि २०२२ सालीं एलिझाबेथ जॉन्सन हिच्यावरील दोष कायद्यानें रद्द झाला.