दम लागण्यापूर्वीचे आठ दिवस

(जागतिक सीओपीडी दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोव्हेंबर महिन्यातील तिसरा बुधवार २००२ सालापासून जगभर सीओपीडी दिन म्हणून पाळला जातो. आमचे छातीविकारतज्ज्ञ व्यासपीठावर असताना वाणिज्य शाखेच्या पदवीधराने आजारावर बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु रुग्णालयाच्या नोंदवह्या आणि जमाखर्च पाहताना जे ध्यानात आले, ते आपणच सांगावे, असा त्यांचा आग्रह पडला.

सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार. श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोश झिजतात आणि घेतलेला श्वास पूर्ण बाहेर टाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली या विकाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण खरे. परंतु आपल्या वॉर्डात अशाही आजी असतात, ज्यांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही. त्यांची हयात चुलीपुढे फुंकणी धरण्यात गेली.

हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण आवाक्यात राहू शकतो. खरा घात करते ती त्याची मधूनच येणारी उसळी. रुग्ण अत्यवस्थ होऊन दाखल होतो, प्राणवायू लावावा लागतो, प्रसंगी कृत्रिम श्वसनयंत्रही. घरी परतला तरी फुप्फुसांची गेलेली शक्ती पूर्ण भरून येईलच असे नाही. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर ही खर्ची मुद्दलातूनच पडते.

आमच्या दाखल-नोंदवहीत कारणाच्या रकान्यात पूर्वी ‘दम लागणे’ एवढेच लिहिले जाई. एका वर्षी दिवाळी ते होळी या काळात एकच आजी तीनदा दाखल झाल्या. तिसऱ्या खेपेस वॉर्डच्या सिस्टरांनी त्यांच्या सूनबाईंना शेजारी बसवून शांतपणे विचारले, ‘प्रत्येक वेळी आधीच्या आठ दिवसांत घरात काय झाले होते?’ उत्तरे सरळ होती. पहिल्या वेळी दिवाळीचा माळा झाडला होता. दुसऱ्या वेळी नातवाला सर्दी-ताप होता आणि तो आजीजवळच निजत असे. तिसऱ्या वेळी बरे वाटते म्हणून पंप बंद केला होता. त्या दिवसापासून नोंदवहीत एक रकाना वाढला: ‘गेल्या आठ दिवसांत काय घडले?’

तो रकाना वाचताना ध्यानात येते की, उसळी सहसा अचानक येत नाही. तिची वाट आपल्याच घरातून जाते.

पहिली वाट संसर्गाची. बहुतेक उसळ्यांमागे विषाणू किंवा जिवाणू असतात. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल, तर त्याने मुखपट्टी लावावी, हात धुवावेत, रुग्णापासून दूर निजावे. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

दुसरी वाट धुराची. चूल, शेकोटी, उसाच्या फडातील पेटवलेले पाचट, शेजारची वीटभट्टी आणि घरातली विडी हे धूर आपल्याला दिसतात. देवघरातला धूप आणि डासांची कॉइल मात्र नजरेतून सुटते. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी हा जुना उपायच येथे श्रेष्ठ. फटाक्यांचे म्हणाल, तर पुण्यात झालेल्या मोजणीत आवाज न करणारी नागगोळीच सूक्ष्म कण सोडण्यात सर्वांत पुढे निघाली. देवापुढे निरांजन लावा, धूप टाळा. भक्तीत काही उणे पडत नाही.

तिसरी वाट धूळ, उग्र वास आणि थंडीची. झाडलोट, रंगकाम, मिरची भाजणे, मसाला कुटणे ही कामे रुग्ण घरात नसताना करावीत. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. थंडीत पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे आणि नाका-तोंडावर रुमाल घ्यावा.

चौथी वाट औषध सोडण्याची. पंपाची सवय लागते, हा समज आजही घट्ट आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून मात्रा अल्प लागते. बरे वाटते ते औषधामुळे. ते सोडण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

काही उसळ्यांचे कारण कितीही शोधले तरी सापडत नाही. तेव्हा कोणाही सुनेने वा मुलाने स्वतःला दोष देऊ नये. रकाना ठेवला आहे तो पुढच्या वेळी सावध होण्यासाठी, कोणाला जाब विचारण्यासाठी नव्हे.

आता पूर्वसूचनांविषयी. नेहमीपेक्षा अधिक दम, वाढलेला खोकला, वाढलेला किंवा पिवळा-हिरवा झालेला बेडका ही लक्षणे दिसताच, रात्र होण्याची वाट न पाहता बाह्यरुग्ण विभागात यावे. ओठ निळसर पडणे, एक वाक्यही सलग न बोलता येणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर विनाविलंब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. २०२०-२१ च्या साथीनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आणि प्राणवायूचे यंत्र आले आहे. आकडा ९८ दिसावा म्हणून नातेवाईक प्रवाह वाढवतात. या आजाराच्या अनेक रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढीच मर्यादा ठरवतात. अधिक प्राणवायूने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. प्रवाह डॉक्टरांनी लिहून दिला तेवढाच ठेवावा आणि यंत्राजवळ निरांजन, उदबत्ती वा विडी कदापि नसावी.

देणगीदारांपुढे आज एक चूक कबूल करतो. एका वर्षीच्या अंदाजपत्रकात काटकसर म्हणून गरीब रुग्णांच्या पंप-लसीच्या साहाय्याची तरतूद मीच कमी केली. कागदावर ती बचत शोभून दिसली. त्याच हिवाळ्यात, पंप विकत घेणे न परवडल्याने तो बंद केलेले एक आजोबा अतिदक्षता विभागात दाखल झाले. धर्मादाय रुग्णालयांना आपल्या ढोबळ बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. आजोबांचे बिल त्या निधीतून लिहिताना ध्यानात आले की, मी वाचवलेली रक्कम त्या बिलाच्या एका कोपऱ्यातही मावली असती. आजोबा वाचले, परंतु पूर्वी बाजारापर्यंत चालत जाणारा तो माणूस आता अंगणापलीकडे जाऊ शकत नाही. ही तूट भरून काढणारी नोंद कोणत्याही वहीत करता येत नाही.

ती तरतूद पुढल्याच वर्षी पूर्ववत केली. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते; कोणाला न आलेल्या उसळीवर नाव कोरता येत नाही. तरीही, यंत्रांसाठी उदार हस्ते देताना आपल्या दानातला काही वाटा पंपांसाठी, लसींसाठी आणि चुलीऐवजी गॅसच्या भरलेल्या टाकीसाठी राखावा, अशी नम्र विनंती करतो. नातेवाइकांना विनंती एवढीच, की घरच्या दिनदर्शिकेवर तो आठ दिवसांचा रकाना आपणही ठेवावा.