नोंदवही कोणाच्या हाती?

(भिवंडी येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिवंडी म्हटले की महाराष्ट्राच्या कानांत यंत्रमागाचा खडखडाट घुमू लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप चिरडला गेला आणि गिरण्यांतले कापडाचे काम ज्या गावांकडे वळले त्यांत भिवंडी अग्रभागी होती. आज त्याच भिवंडीच्या वेशीवर दुसरा उद्योग उभा आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोहों बाजूंना माणकोलीपासून पडघ्यापर्यंत आणि आतल्या बाजूस काल्हेर, पूर्णा, रहनाळपर्यंत गोदामांची रांग लागली आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या बाजारपेठेच्या उंबरठ्यावर माल ठेवता यावा म्हणून ही गोदामे येथे आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली.

या गोदामांतले मुख्य यंत्र आवाज करीत नाही. कोणता माल कोठे ठेवायचा, कोणी उचलायचा, किती वेळात उचलायचा हे ते ठरविते. त्या यंत्राचे नाव संगणक. व्यवसायसंस्था ही व्यवस्था कशी स्वीकारतात, कशी चालवितात आणि तिचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा आजचा विषय आहे. हा विषय तंत्रज्ञांचा आहे अशी समजूत करून घेऊन कामगार चळवळ बराच काळ त्याच्यापासून दूर राहिली. पण हा प्रश्न मुळात सत्तेचा आहे.

यंत्रमागाच्या कारखान्यात मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. किती कापड उतरले याची नोंद मालकाचा मेहताजी वहीत करतो. ती वही मालकाची, लेखणी मालकाची, खोट काढून मजुरी कापण्याचा अधिकारही मालकाचाच. ही व्यवस्था न्याय्य होती असे कोणीही म्हणणार नाही. तरीही तेथे एक गोष्ट कामगाराच्या बाजूने होती. वाद झाला तर ताका समोर पडलेला असे आणि तो पुन्हा मोजता येई. कामगार आपल्या चिठ्ठीवर आपला हिशेब ठेवू शकत असे. मोजमापाची पट्टी दोघांनाही दिसत होती.

गोदामात काय घडते? कामगाराच्या हातात स्कॅनर असतो. तो दाखवील त्या फळीपाशी जायचे, दाखवील ती वस्तू उचलायची, तिच्यावरील पट्टीचा संकेत वाचवायचा आणि पुढच्या फळीकडे वळायचे. प्रत्येक वाचनाबरोबर वेळ नोंदली जाते. एका वाचनापासून दुसऱ्या वाचनापर्यंत गेलेला वेळही आपोआप नोंदला जातो. त्या वेळात कामगार पाणी प्यायला गेला होता, की फळी रिकामी होती, की वाट अडली होती, हे यंत्र विचारीत नाही. महिन्याअखेर एक आकडा निघतो आणि त्या आकड्यावर पुढच्या महिन्याचे काम अवलंबून राहते. हा आकडा कसा निघाला हे कामगाराला ठाऊक नसते. पुष्कळदा ते ठेकेदारालाही ठाऊक नसते. माल एकाचा, गोदाम दुसऱ्याचे, मजूर पुरविणारा तिसरा आणि संगणकाची आज्ञावली चौथ्याची. तक्रार घेऊन जावे तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मेहताजीशी निदान भांडता तरी येत होते.

मग संगणकालाच विरोध करावा काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊन भागणार नाही. इतिहास पाहिला पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. १९६९ साली केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. यंत्र आणावे की आणू नये हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही, तो समाजाचा प्रश्न आहे, एवढे तरी त्यातून मान्य झाले. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. त्या लढ्यांची आज थट्टा केली जाते. संगणक रोखता आला नाही हे खरे. पण यंत्र आणण्यापूर्वी मालकाला कामगारांसमोर बसावे लागले, हेही तितकेच खरे. भिवंडीच्या गोदामातील कामगाराला आज ते बसणे मिळत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले. ते काम सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी या कंपनीने केले होते. रात्र रात्र रांगेत उभ्या राहणाऱ्या सामान्य उतारूची त्यामुळे सोय झाली. भिवंडीतच २६ जानेवारी २००७ पासून वीजवितरणाचे काम टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे गेले, तेव्हा येथील विजेची गळती निम्म्याहून अधिक होती. काही वर्षांत ती एक चतुर्थांशाच्या आत आली. काटेकोर नोंद ठेवली तर काय साधते याचा तो पुरावा आहे. नोंद हे वाईट साधन नव्हे. मात्र वीज मोजण्यासाठी जी तत्परता दाखविली जाते ती बारा बारा तासांच्या पाळ्या मोजण्यासाठी का दाखविली जात नाही? साधन सर्वत्र सारखेच असते. काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही, हे ज्याच्या हाती सत्ता आहे तो ठरवितो.

डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. प्रचंड कारखाना माणसाला गिळतो, म्हणून गावोगावी, घरोघरी चालू शकेल असे यंत्र हवे, हा त्यांचा विचार. भिवंडीचा यंत्रमाग हे तसेच लहान यंत्र होते. पण लहान यंत्राने येथे कामगार मुक्त झाला नाही. एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवून कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. हजेरीपट नसल्याने कामगार कोणाचाच कामगार राहिला नाही. लोहियांचा विचार चुकीचा ठरला असा याचा अर्थ नाही. यंत्राच्या आकाराबरोबर त्याच्या मालकीचा आणि नोंदीचा प्रश्न सोडविला नाही तर तो विचार अपुरा राहतो, असा आहे. संगणक तर खिशात मावतो. त्याच्याइतके लहान यंत्र दुसरे नाही आणि त्याच्याइतकी केंद्रित सत्ताही दुसरी नाही.

ही सत्ता केवळ कामगारावर चालत नाही. चार-आठ मागांचा छोटा मालकही तिच्या कचाट्यात सापडला आहे. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, २०१८ पासून मालवाहतुकीचे ई-वे बिल, या सर्वांसाठी त्याला संगणक आणि संगणक जाणणारा माणूस पदरी बाळगावा लागला. सूत एका ठिकाणाहून, विणकाम दुसऱ्या ठिकाणी आणि प्रक्रिया तिसऱ्या ठिकाणी, अशी ज्या धंद्याची रीत, त्याला प्रत्येक फेरीचा कागद संगणकावर काढायला लावणे हे त्या धंद्याची रीतच न समजल्याचे लक्षण होते. पुढे २०१८ सालीच महाराष्ट्र शासनाने राज्यांतर्गत मजुरी-कामासाठी ५० किलोमीटरच्या आत जाणाऱ्या सूत, कापड व तयार कपड्यांना या बिलातून सूट दिली. नियम बदलता येतो, हा यातला धडा. संगणकात असे आहे म्हणून ते अटळ आहे, ही निव्वळ फसवणूक होय. संगणकात जे आहे ते कोणी तरी माणसानेच घातलेले असते.

ही फसवणूक किती भीषण होऊ शकते हे इंग्लंडमध्ये दिसले. तेथील टपाल खात्याने १९९९ सालापासून होरायझन नावाची हिशेबाची संगणक-व्यवस्था बसविली. तिच्यात दोष होते. संगणकाने तूट दाखविली की खाते ती टपाल शाखा चालविणाऱ्याकडे मागे आणि न दिल्यास त्याच्यावर चोरीचा खटला भरी. नऊशेहून अधिक निरपराध माणसांना शिक्षा झाल्या; काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने व्यवस्थेतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. माणसाच्या शब्दापेक्षा यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवणारे ते साहेबी व्यवस्थापन मूर्ख नव्हते. आकडा त्याच्या सोयीचा होता, म्हणून तो खरा मानला गेला.

यावर उपाय शोधणारेही कामगारच होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगार संघटनेने क्रिस्टेन नीगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला सोबत घेऊन कारखान्यात येणाऱ्या संगणकाचा स्वतः अभ्यास सुरू केला. १९७५ साली तेथील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात राष्ट्रीय करार झाला. नव्या व्यवस्थेची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत आधी दिली पाहिजे आणि तीवर लक्ष ठेवण्यासाठी कामगारांना आपला प्रतिनिधी निवडता आला पाहिजे, ही तत्त्वे त्यात मान्य झाली. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी कॅलिफोर्निया राज्याने गोदाम कामगारांसाठी कायदा केला; तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कामाचा कोटा किती हे कामगाराला लेखी कळविले पाहिजे. जेवण, विश्रांती वा स्वच्छतागृह यांना मुकावे लागेल असा कोटा लावता येणार नाही. आणि कोटा बेकायदा वाटल्यास मागील ९० दिवसांच्या आपल्या कामाच्या वेगाची नोंद कामगार मागू शकेल, अशा तरतुदी त्यात आहेत. भिवंडीच्या गोदामांत माल साठविणाऱ्या कंपन्यांत तिकडचाच नियम पाळणाऱ्या कंपन्याही आहेत. जे तेथे शक्य आहे ते येथे अशक्य कसे?

आपल्याकडे आधार अगदीच नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देणे मालकावर बंधनकारक होते आणि कामगारकपात होऊ शकेल असे यंत्र वा तंत्र आणणे हाही तसा बदल मानला गेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनी कामगारांचे बरेच काही हिरावले, पण ही सूचनेची तरतूद औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये उरली आहे. तिचा वापर किती ठिकाणी झाला, याचा विचार प्रत्येक संघटनेने स्वतःशी करावा. उलट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. म्हणजे नागरिक म्हणून मिळालेले संरक्षण गोदामाच्या दारात काढून ठेवायचे!

महाराष्ट्राने तर नोंदवहीचा प्रश्न एकदा आपल्या पद्धतीने सोडविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मालकाच्या मर्जीतून काढून मंडळाच्या नोंदवहीत घातले. मालकाने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांचा हिशेब तेथेच राहायचा. आज दहा मालक बदलले तरी कामगाराची नोंद पुसली जात नाही, हे त्या कायद्याचे मर्म. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीमुळे पुण्यात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांनी हे तत्त्व रुजविले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत भ्रष्टता शिरली असेल तर ती निपटून काढली पाहिजे. पण तिचे निमित्त करून तत्त्वच मोडीत काढू देता कामा नये. मंडळाच्या वहीत जे शक्य झाले ते मंडळाच्या संगणकात कितीतरी सोपे आहे.

यातून चळवळीपुढील मागण्या स्पष्ट होतात. कामाचा कोटा आणि तो काढण्याची रीत मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगूत, म्हणजे कामगाराला कळेल त्या भाषेत, लेखी जाहीर झाली पाहिजे. स्वतःविषयीची प्रत्येक नोंद पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा आणि तीवर हरकत घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला पाहिजे. केवळ यंत्राच्या आकड्यावरून कोणालाही कामावरून काढता येऊ नये; माणसाने माणसाचे ऐकून घेतले पाहिजे. ठेकेदार बदलला तरी सेवेची नोंद सार्वजनिक मंडळाकडे अखंड राहिली पाहिजे. आणि छोट्या यंत्रमागधारकांसाठी हिशेबाची संगणक-व्यवस्था सहकारी तत्त्वावर उभी राहिली पाहिजे, म्हणजे भाड्याच्या आज्ञावलीपायी त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

या मागण्या करणाऱ्या संघटनांनी आधी आपले घर तपासावे. कोणत्या गोदामात कोणती व्यवस्था चालते, कोटा किती, कोणाला कोणत्या कारणाने काढले, याच्या नोंदी आपल्या कार्यालयात आहेत काय? मालकाच्या संगणकात कामगाराचा प्रत्येक क्षण आहे आणि संघटनेच्या दप्तरात कामगाराचे नावही नाही, ही स्थिती असेपर्यंत वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याचा अधिकार कोणी देणार नाही. प्रत्येक गोदामातून एक तरी तरुण कामगार हे तंत्र शिकलेला असावा. येथील पोरे स्कॅनर आणि भ्रमणध्वनी उत्तम चालवितात. त्यामागचा हिशेब त्यांनी मागायला शिकले पाहिजे.

एके काळी सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणारा शेतकरी वहीत काय लिहिले आहे हे विचारीत नसे. अक्षर शिकून त्याने ते विचारले, तेव्हा सावकारीला पहिला धक्का बसला. आजची वही काचेमागे आहे एवढाच फरक. ती उघडून दाखवा, ही मागणी भिवंडीच्या प्रत्येक गोदामाच्या दारात झाली पाहिजे, आणि ती एकट्या कामगाराने नव्हे, संघटनेने केली पाहिजे.