विस्तवाला दोन वाटा



खानदेश म्हटला की बाहेरच्या माणसाला आठवते ते आपले ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे आपल्याकडे थंडीचे कौतुक कोणी करत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत काही रात्री हाच पारा १० अंशांच्या खाली उतरतो. मग जामनेरला काय, पहूरला काय, नेरी-फत्तेपूरला काय, घरोघर दारे लवकर लागतात, खिडकीच्या फटीत चिंधी बसते आणि खोलीत शेगडी येते. घरात बाळंतीण असली तर विचारायलाच नको. आज मी या शेगडीविषयी बोलणार आहे, आणि तिच्या नव्या भावंडाविषयीही, म्हणजे न्हाणीत बसवलेल्या गॅसच्या गीझरविषयी.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. त्यामुळे धूर वाईट हे कोणाला पटवावे लागत नाही. पण शेगडीत फुललेल्या लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो. घरातली जाणती बाई शेगडी अंगणात पेटवते, धूर निघून जाऊ देते आणि मगच ती आत आणते. ही रीत चांगलीच आहे. मात्र धूर गेला म्हणजे धोका गेला, असा तिचा अर्थ आपण लावतो, तिथे घात होतो.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली की त्याचा कर्बवायू होतो. हवा अपुरी पडली, की अर्धवट जळून दुसराच वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य छातीतून प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. हा वायू त्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे एस.टी.त माणसे चढण्याआधीच कोणी सगळ्या जागा अडवून बसावे, आणि उतरायचे नाव घेऊ नये, तसे होते. गाडी धावत असते, पण प्राणवायूला तिच्यात जागा नसते. हजार भाग हवेत या वायूचा एक भाग झाला, तरी दोन-तीन तासांत धडधाकट माणसाचा जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. कर्बवायूसाठी ही परीक्षा ठीक आहे. पण कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील विझत नाही. खोलीत दिवा छान तेवत असतो आणि त्याच खोलीत माणूस बेशुद्ध होत असतो.

इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत स्फोटानंतर पुष्कळ कामगार मरत. १८९०च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा दिसले की त्यांतले बरेचसे स्फोटाने मेलेले नसून या वायूने गेलेले आहेत. त्याने सुचवले, की खाणीत उतरताना बरोबर एखादा लहान प्राणी न्यावा. पुढे कॅनरी नावाची छोटी पिवळी पाखरे पिंजऱ्यातून नेऊ लागले. १९८६ पर्यंत ती पद्धत तिकडे चालू होती. पाखरूच का? तर त्याचा श्वास जलद चालतो. त्यामुळे वायूचा परिणाम त्याच्यावर आधी होतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो.

आता बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा. आपण मोठी माणसे मिनिटाला पंधरा-वीस श्वास घेतो. तान्हे बाळ चाळीस-पन्नास घेते. म्हणजे शेगडी ठेवलेल्या बंद खोलीत सर्वांत आधी त्रास होणार तो बाळाला. आणि माझे डोके दुखते, हे सांगणे त्याला येत नाही. ते मलूल होते, दूध ओढत नाही, झोपून राहते. आपण म्हणतो, आज बाळ शांत आहे.

यावर घरातली आजी म्हणेल, “आमची इतकी बाळंतपणं शेगडीवरच झाली. बाजेखाली निखारे असायचे. आम्हाला काय झालं?” आजीचे म्हणणे उडवून लावू नये. तिला नीट उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर तिच्याच जुन्या घरात आहे.

आपली जुनी घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर. त्या धाब्याला मधोमध एक भोक ठेवलेले असे. कोणी त्याला साणे म्हणत. त्यातून दिवसा उजेड आत उतरे आणि सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर वर जाई. पाऊस आला की कोणीतरी धाब्यावर चढून ते झाकायचे. दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी असत, उंबऱ्याखालून वारा येई. म्हणजे विस्तवाला दोन वाटा होत्या. ताजी हवा खालून आत येई, जळकी हवा वरून बाहेर जाई. जुन्या घरांतही अपघात होत असतील, बाळे दगावतही असतील, आणि त्याचे कारण कोणाला कळलेही नसेल. पण त्या घराला श्वास होता, एवढे खरे.

आज धाबे गेले आणि स्लॅब आला. गळती थांबली, उंदीर-विंचू कमी झाले. हे चांगलेच झाले. पण स्लॅबला साणे नसते. दार पत्र्याचे, चौकटीत घट्ट बसणारे. खिडकीला सरकती काच. खोली दहा बाय दहाची. घर बदलले, शेगडी मात्र तीच राहिली. आजीच्या काळची शेगडी आजच्या खोलीत ठेवली, की ती आजीची शेगडी राहत नाही.

मग बाळंतिणीला ऊब द्यायची नाही का? जरूर द्यावी. नवजात बाळाला थंडी बाधते, हे अगदी खरे आहे. खोली उबदार करायची असेल, तर बाळ-बाळंतीण दुसरीकडे असताना शेगडी आत ठेवा. तेव्हाही खिडकी थोडी उघडी असू द्या. खोली तापली की शेगडी अंगणात न्या, दार-खिडकी दहा-पंधरा मिनिटे सताड उघडी टाका आणि मगच माय-लेकराला आत घ्या. भिंती तापलेल्या असतात, त्यांची ऊब टिकते. बाळाला टोपडे, पायमोजे घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरा. बाळाला आईच्या अंगासारखी ऊब नाही, असे आजचे डॉक्टरही सांगतात. गरम पाण्याची रबरी पिशवी वापरायची तर ती कापडात गुंडाळून अंथरूण आधी गरम करा आणि बाळ ठेवण्यापूर्वी काढून घ्या. ओवा-शेपांची धुरी हवी असेल तर ती दार उघडे ठेवून, क्षणभर, आणि बाळाला बाजूला नेऊन. आणि एक नियम दगडावरच्या रेघेसारखा पाळा. माणसे झोपलेल्या खोलीत विस्तव राहता कामा नये. राखेखाली झाकलेला निखाराही नको. झाकलेल्या निखाऱ्याला हवा कमी मिळते, म्हणून तो हा वायू अधिकच सोडतो.

आता न्हाणीकडे वळू. पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब अंगणात किंवा पडवीत असे. आता पुष्कळ घरांत गॅसचा गीझर आला, आणि तो न्हाणीच्या आतच भिंतीवर बसला. थोडे गणित करू. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. साधा घरगुती गीझर सतत चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. पाच फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच न्हाणीत हवा असते २४० घनफूट, म्हणजे जेमतेम ७ घनमीटर. बरे, ज्योत बिघडायला ती सगळी संपावी लागत नाही. हवेतला प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८-१९ टक्क्यांवर आला, की ज्योत अर्धवट जळू लागते आणि तो विषारी वायू निघू लागतो. अगदी बंद न्हाणीत त्याला पाच-दहा मिनिटे पुरतात. एकामागून एक दोघा-तिघांनी आंघोळी केल्या, तर शेवटच्याच्या वाट्याला काय हवा येते, ते तुम्हीच ताडा.

अमेरिकेत धुराड्याशिवाय चालणाऱ्या गॅसच्या शेकोट्या काही घरांत असतात. त्यांना असे साधन जोडलेले असते, की प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस आपोआप बंद होतो. तरीही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्या घरात बसवायला बंदी आहे. आपल्या न्हाणीसाठी उपाय याहून सोपा आहे. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि गरम पाण्याची नळीच तेवढी आत घ्या. आज तो आत असेल आणि लगेच हलवणे जमत नसेल, तर बादल्या आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार उघडून वारा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. छताजवळचा झरोका कागद किंवा पुठ्ठा लावून बुजवू नका. नुसता वरचा पंखा लावूनही भागत नाही. दाराखालून ताजी हवा यायला जागा नसेल तर पंखा ओढणार काय?

स्वयंपाकघरालाही हेच लागू आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून तिथे एक वाट भिंतीच्या तळाशी हवी आणि एक छताजवळ हवी. खालची गळलेल्या गॅससाठी आणि ताज्या हवेसाठी, वरची जळक्या हवेसाठी. गळतीचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

वाट ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती मोकळी राखणे. फ्रान्सचे मोठे कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधल्या आपल्या घरी निजले होते. खोलीत कोळशाची शेगडी होती, तिला धुराडेही होते, पण ते तुंबलेले होते. सकाळी झोला मृत्यू पावलेले आढळले. पत्नी कशीबशी वाचल्या. तेव्हा बंबाच्या नळीत, चुलीच्या धुराड्यात, झरोक्याच्या जाळीत काजळी, कोळिष्टके किंवा चिमण्यांची घरटी नाहीत ना, हे दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी पाहा.

आता लक्षणे ध्यानात ठेवा. डोके जड होते, गरगरते, मळमळते, ओकारी येते, छाती धडधडते. आपण म्हणतो पित्त झाले. खूण अशी, की एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना त्रास होतो आणि अंगणात आले की बरे वाटते. नंतर पायांतले बळ जाते. दार चार पावलांवर असून गाठता येत नाही. म्हणून पहिल्या डोकेदुखीलाच बाहेर या.

कोणी आत बेशुद्ध दिसले तर आधी दार-खिडक्या उघडा आणि श्वास रोखून त्याला चटकन उघड्यावर ओढा. तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की बंद खोलीत शेगडी होती किंवा गीझर चालू होता. बोटाला लावून प्राणवायू मोजायचे जे छोटे यंत्र करोनाच्या साथीपासून आपल्या ओळखीचे झाले आहे, ते इथे फसते. या वायूने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरल्यासारखे दिसते. आकडा ९८ आला म्हणून रोग्याला घरी ठेवू नका. त्याला मास्कमधून शुद्ध प्राणवायू हवा असतो.

शिक्षक मित्रांनो, हा धडा वर्गात दाखवता येईल. एक मेणबत्ती आणि कंदिलाची काच घ्या. प्रयोग मात्र स्वतःच्या हाताने करा. पेटती मेणबत्ती टेबलावर ठेवून तिच्याभोवती काच सपाट बसवा. वर उघडी, पण खालून बंद. ज्योत मलूल होऊन विझू लागेल. आता काच दोन पेन्सिलींवर उचलून ठेवा. ज्योत उभी राहील. खाली उदबत्ती धरा, तिचा धूर आत ओढला जाताना मुले पाहतील. मग वरचे तोंड पत्र्याच्या तुकड्याने झाका. खाली वाट असूनही ज्योत जाईल. नंतर मुलांना आख्खा कंदील दाखवा. खाली जाळी, वर भोकांची टोपी. एवढ्याशा वातीला दोन वाटा लागतात, तर शेगडीला किती, हे मुलेच सांगतील. घरी जाऊन मोजायलाही सांगा, की आपल्या न्हाणीला वाटा किती, स्वयंपाकघराला किती. मुलाने शाळेतून नेलेली गोष्ट घरातली आजी बहुधा ऐकून घेते.

खानदेशी माणूस हिवाळ्यात पऱ्हाट्या पेटवतो, वांगी भाजतो आणि भरताची पंगत बसवतो. पण तो जाळ शेतात, उघड्यावर असतो. तिथे चारी दिशांनी वारा आहे. जाळाभोवती बसून खुशाल शेका, गप्पा मारा. घरात विस्तव आणताना मात्र उंबऱ्याशी थांबा आणि विचारा, याला आत हवा कुठून येणार, आणि बाहेर कुठून जाणार? दोन्ही वाटा बोटाने दाखवता आल्या नाहीत, तर विस्तव अंगणातच राहू द्या.

यंदा ज्या घरी पाळणा हलणार आहे, त्या घरी एवढा निरोप आवर्जून पोचवा.