आज हिचा रोजा नाही

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘मुलं आणि रमजान’ या विषयावर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



हा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एकीनं जरा चाचरतच विचारलं, “अगं, हा धार्मिक विषय नाही का होत? आपल्या शिबिरात चालेल ना?” मी म्हटलं, चालवायलाच हवा. आपण मुस्लिम वस्तीत जातो ते तलाक, पोटगी, मारहाण हे प्रश्न घेऊन. ते घेऊन जायलाच हवं. पण वर्षातला एक महिना असा येतो की घराचं सगळं वेळापत्रक उलटंपालटं होतं, बाईचे श्रम दुप्पट होतात, मुलांच्या मनावर खोल ठसे उमटतात, आणि नेमकं त्याच महिन्यात आपण म्हणतो, “आता रमजान आहे, मीटिंग ईदनंतर घेऊ.” महिनाभर आपण तिकडे फिरकतच नाही. मग त्या घरात मुलं काय शिकली, मुली काय शिकल्या, हे आपल्याला कळणार कसं?

मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरातली. (“तुम्ही मराठी किती छान बोलता!” असं मला अजूनही ऐकावं लागतं. असो.) माझा पहिला रोजा मला चांगला आठवतो. १९९८ च्या डिसेंबरात रमजान सुरू झाला होता. मी नऊ वर्षांची होते. रमजान चांद्र महिना, म्हणून तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. थंडीतला रोजा आपल्याकडे बारा-सव्वाबारा तासांचा असतो. मेअखेरीस तोच साडेचौदा तासांच्या घरात जातो. तर थंडीतला रोजा असूनही दुपारी माझा धीर सुटला. विहिरीवर जाऊन मी गुपचूप पाणी प्यायले आणि रडत बसले. आजीनं पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, “अर्धा झाला ना? उरलेला अर्धा उद्या कर.” आणि संध्याकाळी मगरीबच्या अजानला पहिली खजूर माझ्याच हातावर ठेवली.

आजीनं काही पुस्तक वाचलं नव्हतं, पण ती बरोबर होती. रोजा फर्ज आहे तो वयात आलेल्या, धडधाकट माणसावर. लहान मुलांवर तो नाही. कुरआनच्या दुसऱ्या सुऱ्यात, सूरह बकरात, रोजाचा आदेश येतो तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, अशा अर्थाची आयत आहे. मुलांना रोजाची सवय लावू नये असंही नाही. हदीसमध्ये रुबय्यि बिन्त मुअव्विज या मदिनेच्या स्त्रीनं सांगितलेली आठवण आहे. आशुराच्या रोजाला त्या बायका आपल्या मुलांनाही रोजा धरायला लावत आणि मूल भुकेनं रडलं की लोकरीचं खेळणं करून त्याच्या हातात देत. इफ्तारपर्यंत त्याचं मन रमवत. मला ही आठवण फार आवडते. कारण हा आयांचा अनुभव आहे आणि त्यात खेळणं आहे, छडी नाही.

आता आपल्याकडे काय चाललं आहे ते बघा. रमजानात कुठलंही स्थानिक मराठी वर्तमानपत्र उघडा. ‘सहा वर्षांच्या चिमुकल्याने केला पहिला रोजा’ अशी बातमी आणि हार घातलेल्या मुलाचा फोटो असतोच. पहिल्या रोजाचं कौतुक करायची, रोजा कुशाईची, आपल्याकडे जुनी रीत आहे. नवे कपडे, हार, शेजारीपाजाऱ्यांना इफ्तार. त्यात आनंद आहे, तो मोडा असं मी म्हणत नाही. पण शेजारच्याचा सातव्या वर्षी झाला म्हणून आपल्याचा सहाव्या वर्षी, अशी चढाओढ लागते तेव्हा रोजा मुलाचा राहत नाही, आईबापांच्या प्रतिष्ठेचा होतो. २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता. पत्र्याच्या खोलीत, त्या उकाड्यात, सुकलेल्या तोंडाची मुलं मी पाहिली आहेत. काही घरांत दुपारपर्यंतचा ‘चिडी रोजा’ धरू देतात. चिमणीएवढा रोजा. ही पद्धत शहाणपणाची आहे. अर्ध्या दिवसाचा धरू दे, रविवारचा एक धरू दे, आणि चक्कर आली तर सोडायचा, त्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पण आज मला खरं बोलायचं आहे ते मोठ्या होणाऱ्या मुलींविषयी.

२०२४ च्या रमजानातली गोष्ट. मार्चअखेर होती, मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. आमच्या अभ्यासवर्गात आठवीतली एक मुलगी दुपारी चारच्या सुमारास बसल्या जागी कोसळली. तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आली. मी ग्लास पुढे केला तर तोंड घट्ट मिटून घेतलं. “रोजा है.” बाकीच्यांना बाहेर पाठवलं तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, पाळीचा पाचवा दिवस आहे. पाचही दिवस ही मुलगी पहाटे सगळ्यांबरोबर सहेरीला उठली होती आणि दिवसभर उपाशी राहिली होती. मी विचारलं, “तुला माहीत नाही का, पाळीत रोजा नसतो?” म्हणाली, “माहीत आहे. पण खाणार कुठं, बाजी? खोली एकच. भाई घरात, अब्बू घरात. विचारतील ना, तुझा रोजा का नाही? दोनदा मोरीत जाऊन नळाचं पाणी प्यायले.”

आपल्यापैकी ज्या मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पाळीच्या दिवसांत बाईनं रोजा धरायचाच नसतो. त्या दिवसांची नमाज पूर्ण माफ, आणि सुटलेले रोजे पुढं वर्षभरात सवडीनं भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही, तिच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होणार असेल तर, सवलत आहे. म्हणजे या मुलीनं उपाशी काढलेले ते पाच दिवस धर्माच्या हिशेबातही रोजे नव्हतेच. ते तिला पुन्हा भरून द्यायचेच होते. ते दिवस तिनं फक्त भावाला कळू नये म्हणून काढले. धर्मानं दिलेली सवलत लाजेनं काढून घेतली होती. आणि हे कुणाच्या बाबतीत? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, त्या वयाच्या उंबरठ्यावरच्या मुलीच्या बाबतीत!

हे काही मुसलमानांपुरतं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुठं बाजूला बसवून पाळी जाहीर करतात, कुठं ती लपवायला लावून उपाशी ठेवतात. दोन्हीकडे मुलीच्या शरीराची तिलाच चोरी.

मी आयांची बैठक घ्यायचं ठरवलं. रमजानातच, दुपारी जोहरच्या नमाजनंतर, कारण तीन वाजल्यापासून प्रत्येकीचे हात इफ्तारच्या तयारीत अडकतात. “तुम्ही त्या दिवसांत काय करता?” असं विचारल्यावर आधी नुसती हसाहशी. मग एकेक बोलू लागली. कुणी पडद्याआड, कुणी शेजारणीकडे जाऊन, कुणी चव बघायच्या निमित्तानं दोन घास. एकजण म्हणाली, “बावीस वर्षं झाली लग्नाला. नवरा समजतो मी तीसच्या तीस रोजे धरते.” सगळ्या हसल्या आणि एकदम गप्प झाल्या.

विरोधही झाला. एका आईनं मला सरळ विचारलं, “आता आमच्या पोरांना पाळी शिकवणार का तुम्ही? हयाशरम काही ठेवणार की नाही?” मला उत्तर सुचेना. उत्तर दिलं ते वस्तीतल्या मुलांना अरबी शिकवणाऱ्या आपांनी. म्हणाल्या, “चारचौघांत मिरवत खाऊ नये, ही हया. पोरीनं चक्कर येऊन पडावं हे कुठं लिहिलंय?” त्यांच्या या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या दहा बैठकांनी झालं नसतं. आपांनी आपल्या वर्गात मुलगे-मुली एकत्र बसलेले असताना सांगायला सुरुवात केली की रोजातून सूट कुणाकुणाला असते : आजाऱ्याला, मुसाफिराला, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला, बाळंतिणीला, आणि मोठ्या मुलींनाही महिन्यातले काही दिवस. आणि एक नियम घालून दिला, “तुझा रोजा आहे का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. रोजा अल्लाहसाठी असतो, चौकशीसाठी नाही.” मुलग्यांना त्या वयात जेवढं कळायला हवं तेवढं एवढ्यात कळतं.

दुसरी गोष्ट श्रमाची. मुलं रमजान शिकतात ती ऐकून नव्हे, बघून. घरात मूल काय बघतं? आई साडेतीनला उठते. पाण्याची वेळ असली तर आधी पाणी भरते. सहेरी करते, सगळ्यांना वाढते, अजान व्हायच्या बेतात असताना स्वतः उभ्याउभ्या दोन घास खाते. संध्याकाळी सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात आणि ती कढईतली शेवटची भजी काढत असते. तिचाही रोजाच असतो! आणि तिच्याबरोबर कोण उठतं? मुलगी. मुलग्याला शेवटच्या क्षणी हलवून उठवतात. “लेकराचा रोजा आहे” म्हणतात ते त्याच्याविषयी. सब्र शिकवायचा महिना हा, पण सब्र एकटीच शिकते आणि सेवा दुसऱ्याला मिळते.

हे बदलायला फार मोठी भाषणं लागत नाहीत. आमच्या बालगटात आम्ही मुलांनाच इफ्तारची कामं वाटून घ्यायला लावली. फळं कापणं, सरबत, दस्तरखान अंथरणं आणि नंतर भांडी घासणं. भांडी मुलग्यांकडे. पहिल्या दिवशी दोघेजण पळून गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, कारण खजूर आमच्याकडे होती. मुलांना आम्ही प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचून दाखवतो. ईदच्या जत्रेत सगळी पोरं खेळणी घेतात आणि हामिद दादीची बोटं भाजतात म्हणून चिमटा घेतो. मी विचारते, “तुमच्या घरात कुणाची बोटं भाजतात?” मुलं थोडा वेळ विचार करतात. मग सांगतात.

तिसरी गोष्ट द्यायची आणि घ्यायची. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा चाळिसावा हिस्सा जकात आणि ईदच्या नमाजच्या आधी घरटी माणशी फित्रा, अगदी तान्ह्या बाळाच्या नावानंसुद्धा. मुलांना हिशेबाला बसवा. घरात माणसं किती, एकेकाचा फित्रा किती, मिळून किती. गणितही होतं आणि आपलं नाव त्यात आहे हे मुलाला कळतं. पण आमच्या वस्तीतली बरीच मुलं घेणाऱ्यांच्या रांगेत उभी असतात, हेही विसरू नका. रेशनची पिशवी हातात देऊन फोटो काढतात तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघा. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं सांगणारा हा धर्म आहे, आणि इथं सगळ्या मोहल्ल्याला कळतं. आपण मदत वाटणार असू तर निदान आपण कॅमेरा आत ठेवू या.

आणि मुली एक प्रश्न विचारतातच : “भाई तरावीहला मशिदीत जातो, मी का नाही?” या प्रश्नाला ‘गप्प बस’ हे उत्तर नाही. २०१९ साली पुण्याच्या एका दांपत्यानं स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २०२० साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं मांडलं की मशिदीत जाऊन नमाज पढायला स्त्रीला मनाई नाही. मनाई नाही, पण जागाही नाही, असं बहुतेक ठिकाणी आहे. मुलीला खरं ते सांगावं. तिनं पुढं काय मागायचं ते ती ठरवेल.

ज्या मैत्रिणी मुस्लिम नाहीत, त्यांना एवढंच सांगायचं आहे. शाळेत, बालवाडीत “कुणाकुणाचा रोजा आहे, हात वर करा” असं कौतुकानंही विचारू नका. मुलगी खोटा हात वर करते आणि मग दिवसभर तो निभावते. २०२४ आणि २०२५ साली रमजान मार्चमध्ये, परीक्षांच्या दिवसांत आला. अशा वेळी मुलांना मैदानात पळवू नका, सावलीत बसू द्या. “पाणीसुद्धा नाही?” असं डोळे विस्फारून विचारू नका. आणि रमजानात वस्तीत जायचं थांबवू नका. चहा मागू नका म्हणजे झालं!

शेवटी त्या मुलीविषयी. २०२५ च्या रमजानात तिची आई मला रस्त्यात भेटली. म्हणाली, “बाजी, मी सांगून टाकलं.” सहेरीला तिनं नवऱ्यासमोर आणि मुलासमोर नेहमीच्या आवाजात म्हटलं, “आज हिचा रोजा नाही. झोपू दे तिला.” “मग?” मी विचारलं. “मग काही नाही. कुणी काही विचारलंच नाही. पोरगा म्हणाला, अम्मी, दही दे.”

इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते एवढंच होतं.

मुलीला मी नंतर विचारलं. म्हणाली, “अम्मी दुपारचं जेवण झाकून ठेवते आता. पण पाणी मी अजून मोरीतच पिते. सवय झाली ना.”

आपलं काम अजून तिथं, त्या मोरीपाशी आहे.