काळी मशीद, मोती तलाव आणि मधला नळ

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा एपिसोड आपल्या जालन्याचा आहे. बाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं आठवतं. आपल्याला 'जालना सोने का पालना' ही म्हण आठवते, आणि लगेच नळाला पाणी कधी येणार तेही आठवतं. आज बोलायचंय काळ्या मशिदीबद्दल, पण तिची गोष्ट पाण्याशिवाय सांगताच येत नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमशेदखान नावाच्या सरदाराने ही मशीद बांधली. मशिदीसोबत सराई आणि हमाम, म्हणजे मुसाफिरांना उतरायची जागा आणि न्हाणीघर. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला तोही त्यानेच. जुन्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणलं होतं आणि ते सराईच्या चौकातल्या हौदात पडायचं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला हे वाचताना आधी सिस्टीम डायग्रामच दिसतो. तलाव हा स्टोरेज, नळ हे नेटवर्क, आणि हौद, हमाम, मशीद हे युजरला दिसणारे स्क्रीन. आपण फोटो फक्त स्क्रीनचा काढतो.

आधी 'काळी' का ते सांगतो. आपल्या पायाखालचा दगड बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याला आपण काळा पाषाण म्हणतो. हा दगड फार चिवट. आग्र्या-दिल्लीकडच्या वालुकाश्मासारखी नाजूक जाळी त्यात कोरायची म्हणजे छिन्न्यांचा खर्च विचारू नका. त्यामुळे दख्खनच्या कारागिरांनी बरंचसं नक्षीकाम चुन्याच्या गिलाव्यात केलं आणि दगडाला दगडाचं काम करू दिलं. दगड दाबाला जबरदस्त, ताणाला कच्चा. लांब सपाट तुळई टाकली की ती मधून तडकते. कमान केली की सगळं वजन दाब होऊन बाजूच्या खांबांत उतरतं. दौलताबादची जामा मशीद 1318 ची, खिलजींच्या काळातली. तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरलेत, आणि सभागृह खांब-तुळईवर उभं आहे. 1948 नंतर तिथे भारतमातेचं मंदिर झालं. मला विचाराल तर स्थापत्य शिकायला ती एकच इमारत आधी बघावी आणि मग पुढच्या काळातल्या कमानी बघाव्यात. फरक लगेच कळतो.

दिशेचं पण सांगतो, कारण हे मी स्वतः मोजलंय. जालन्याचे आणि मक्केचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरच्या त्रिकोणाचं गणित केलं की दिशा येते 279 अंश. म्हणजे पश्चिमेपासून उत्तरेकडे फक्त नऊ अंश. अंतर पावणेचार हजार किलोमीटर. आपल्याकडच्या बांधकामात 'किबला म्हणजे पश्चिम' हा हिशेब का चालून गेला ते यातून समजतं. त्या पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा म्हणजे मेहराब, शेजारी पायऱ्यांचा मिंबर, आणि समोर मोकळं अंगण, ज्याला सहन म्हणतात.

आता मुद्द्यावर येऊ. नमाजाआधी वजू करावा लागतो: हात, तोंड, पाय धुणं. दिवसातून पाच वेळा, आणि शुक्रवारी गर्दी. साठलेल्या पाण्यात शेकडो माणसांनी हात घातले तर ते शुद्ध कसं राहणार? हनफी धर्मशास्त्राने याला चक्क आकड्यात उत्तर दिलंय. वाहतं पाणी चांगलं, नाहीतर हौद निदान दहा हात बाय दहा हात हवा. म्हणजे एक बाजू साधारण साडेचार मीटर. एवढ्या मोठ्या पाण्यात थोडी घाण पडली तरी, रंग-वास-चव बदलत नाही तोवर, पाणी शुद्ध मानायचं. जुन्या मशिदींचे हौद एवढे ऐसपैस असतात त्यात शोभेइतकाच या स्पेसिफिकेशनचाही हात आहे. (आपला 'हौद' हा शब्दसुद्धा अरबी 'हौज'वरूनच आला बरं का.)

पण एवढा हौद रोज भरता ठेवायचा कसा? मोटेने? बैल थकतील. म्हणून तलाव उंचावर, हौद खाली, आणि मध्ये उतार. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. यात गंमत अशी की पाण्याची उंची दहा मीटर वाढली की नळात साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, आणि खापरी नळ असला दाब फार सोसत नाहीत. जमशेदखानानंतर साधारण पिढीभराने मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खेळवली. पुढे अठराव्या शतकात पाणचक्की झाली. तिथे आजही बघता येतं: पाणी काही किलोमीटर लांबून खापरी नळांतून येतं, भिंतीतून वर चढतं आणि हौदात पडतं. त्या हौदाखाली मुसाफिरांसाठी दालन आहे, भर मे महिन्यात गार. घरचे सोबत असतील तर नुसती भेळ खाऊन परत येऊ नका, त्या दालनात जाऊन या.

आणि जालन्यात? निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणीही गावाला उतारानेच मिळायचं. 2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या रांगा लागल्या तेव्हा मी शाळेत होतो, आमच्या गल्लीत अंघोळीला पाळ्या लावल्या होत्या. आता पैठणच्या जायकवाडीतून पाइपलाइन आहे, पण तिथून पाणी चढावर ढकलावं लागतं. वीज गेली की पाणी गेलं. मी पंपांच्या विरोधात नाही. लाखोंच्या शहराला एक तलाव पुरणार नाही, हे गणित मलाही येतं. पण गाळ काढलेला तलाव आणि मोकळा उतार हे फुकटचं बॅकअप आहे. प्रॉडक्शनचा एकुलता एक सर्व्हर चढावर ठेवून बॅकअप डिलीट करणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एचआर बोलावतं.

मोती तलाव अजून आहे. गणपती विसर्जनाला अख्खं जालना त्याच्या काठावर असतं. यंदा ढोल थांबल्यावर एकदा पूर्वेकडे, गावाच्या दिशेने उतार बघा. त्या रस्त्यांखालून कधीकाळी मशिदीकडे नळ जायचे. कुणाच्या घराच्या पायात, वाड्याच्या खोदकामात खापरी नळाचे तुकडे निघाले असतील, तर फेकू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, लोकेशन टाका आणि पाठवा. पुरेसे ठिपके जमले तर मी नकाशावर बसवतो.

पुढच्या वेळी 1725 च्या जालन्याच्या किल्ल्यातली ती विहीर, जिच्यात खाली सज्जे आणि खोल्या आहेत. भेटू!