गाणं तिचं, शब्द कुणाचे?



मागच्या महिन्यात आमच्या गटाचा हिशोब पहिल्याच फेरीत जुळला. असं क्वचित होतं! रजिस्टर मिटलं, चहा यायचा होता, म्हणून मी मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं. कॉलेजला असताना हॉस्टेलवर ऐकलेलं. शब्द कुणाला कळेनात, मी अर्थ सांगत गेले आणि अशी काही वादावादी झाली की चहा दोनदा गरम करावा लागला. तीच आज तुम्हाला सांगते.

गाणारीचं नाव कॅरोल किंग. अमेरिकेतली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा जेरी गॉफिन शब्द लिहायचा, ही पियानोवर चाली बांधायची. पियानोला आपल्या पेटीसारख्याच पट्ट्या असतात, पण भाता नसतो. पट्टी दाबली की आत तारेवर छोटी हातोडी पडते. या जोडीची गाणी दुसरे गात आणि ती गाजत. पुढे संसार मोडला. १९६८च्या सुमारास दोन मुलींना घेऊन ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला गेली. तिथे १९७१ साली तिचा ‘टॅपेस्ट्री’ हा बारा गाण्यांचा अल्बम निघाला. अमेरिकेच्या यादीत तो १५ आठवडे पहिल्या नंबरवर होता. पुढच्या वर्षी त्याला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ती घ्यायला गेली नाही, घरात तान्हं बाळ होतं. अल्बमच्या चित्रात ती खिडकीशी अनवाणी बसली आहे. हातात स्वतः केलेलं भरतकाम, पुढ्यात मांजर. ते चित्र आमच्या बायकांना फार आवडलं.

पहिला वाद आवाजावरून झाला. एक जण म्हणाली, “हिचा आवाज काय गाणाऱ्यांसारखा नाही बाई, जरा चिरकतो.” तसं तिकडच्याही काही जाणकारांना वाटतं. शिवाय रॉक संगीतात ही गाणी फारच मवाळ, असंही म्हणतात. आमच्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, “जात्यावर बसलं की गळा कोण बघतं गं? मनातलं बाहेर येतं ते खरं.” मी मावशींच्या बाजूची.

दुसरा वाद ‘इट्स टू लेट’ या गाण्यावरून. त्यातली बाई जोडीदाराला सांगते की आपल्यातलं आता विझलं, ओढूनताणून काही होणार नाही. चिडत नाही, दोष देत नाही. मारहाण नाही, दारू नाही. एक जण पटकन म्हणाली, “मारत नाही, पीत नाही, मग सोडायचं कशाला?” चार-पाच जणींनी माना डोलावल्या. आमच्यातली एक बरीच वर्षं माहेरी राहते. ती एवढंच म्हणाली, “ते आत राहणारीलाच कळतं, ताई.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मला मध्येच आठवलं की कॅरोल किंगच्या हातात काम होतं. पण त्या वेळी ते बोलायचं धाडस झालं नाही.

शेवटचं गाणं ‘अ नॅचरल वुमन’. तुझ्यामुळे मला मी खरीखुरी बाई वाटते, असं त्यात ती पुरुषाला म्हणते. इथे आमच्या लेकीबाळी उसळल्या. “म्हणजे त्याच्याशिवाय ती बाई नव्हती काय?” तेव्हा मी सांगितलं की चाल तिची, पण शब्द नवऱ्याचे, आणि नावाची कल्पनासुद्धा एका पुरुष निर्मात्याची. “तरीच!” म्हणून एकच हशा पिकला. पण गोष्ट एवढी सोपी नाही. हे गाणं आधी १९६७ साली अरेथा फ्रँकलिन या काळ्या गायिकेने गायलं होतं. ती गाते तेव्हा वाटतं, पाठीवरचं ओझं उतरलेली बाई मोकळा श्वास घेते आहे, पुरुष कुठल्या कुठे राहतो. २०१५मध्ये कॅरोल किंगच्या सत्काराला अरेथाने स्वतः पियानोवर बसून ते गायलं. सज्ज्यात बसलेल्या कॅरोलला हसू की रडू आवरेना, आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी डोळे पुसले. तो व्हिडिओ मी दाखवला. उसळलेल्यांपैकी दोघी गप्प झाल्या, एक मात्र म्हणाली, “गळा भारी आहे, पण शब्द तेच ना!”

याच अल्बममध्ये ‘व्हेअर यू लीड’ हे गाणं आहे. तू नेशील तिथे मी तुझ्या मागे येईन, असा त्याचा अर्थ. हे शब्द मात्र टोनी स्टर्न या बाईचे. ‘इट्स टू लेट’चेही तिचेच, बरं का! पुढे काळ बदलला, पुरुषामागे असं जाणं कॅरोललाच पटेना, आणि तिने ते गाणं गायचं सोडून दिलं. बऱ्याच वर्षांनी, २००० साली, एका टीव्ही मालिकेसाठी ते पुन्हा गायलं गेलं. तेव्हा बरोबर होती तिची मुलगी लुईस. मालिका आई आणि मुलीची. त्यामुळे मागे येणारी आता बायको उरली नाही, आई झाली.

हे ऐकून मावशींनी चहाची कपबशी खाली ठेवली. “आईने तरी लेकीच्या मागे का जावं? लेकीला जाऊ दे की एकटी,” त्या म्हणाल्या. त्यांची नात शेजारीच बसली होती. नर्सिंगला पुण्याला जायचं म्हणून ती दोन महिने घरात भांडते आहे. तिने आजीकडे पाहिलं, मग तिथेच बसलेल्या आपल्या आईकडे.

आईने माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, ते पहिलं गाणं परत लावता का?”