प्रशिक्षणाची मागणी आणि कामाचे निदान



कारखाना असो, बँक असो, रुग्णालय असो वा ग्रंथालय; तेथील काम मनासारखे होईनासे झाले की चालकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : ‘या मंडळींना प्रशिक्षण द्यायला हवे.’ ठराव होतो, व्याख्याते येतात, दोन दिवसांचा वर्ग भरतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. आणि महिन्याभराने तक्रार जशीच्या तशी पुढे उभी राहते. मग दोष शिकवणाऱ्याचा ठरतो किंवा शिकणाऱ्याचा. मूळ मागणीच तपासून पाहावी, असे सहसा कोणाला सुचत नाही.

रोग्याने वैद्याकडे जाऊन ‘अमुक काढा द्या’ म्हणावे, तशी ही मागणी असते. दुखणे खरे असते. परंतु निदान आणि औषध ही दोन्ही रोग्यानेच ठरवलेली असतात. जाणता वैद्य अशा रोग्याला परत पाठवीत नाही आणि मागितला तो काढाही लगेच हाती देत नाही. तो आधी नाडी पाहतो.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांना एक चमत्कारिक अपघात होत असे. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरे आणि त्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेई. नोंद होई ती वैमानिकाच्या चुकीची. आणि अशा नोंदीतून निघणारा उपाय म्हणजे अधिक शिक्षण, अधिक शिस्त. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाबरोबरच त्याच्या समोरच्या कळीही निरखून पाहिल्या. झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी होत्या आणि हाताला सारख्याच लागत. चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराचा आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवताच बोटांनाच फरक कळू लागला. वैमानिक तेच, त्यांचे शिक्षणही तेच. चुकीला मात्र आळा बसला.

पुढे या विचाराला शास्त्राचे रूप आले. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये कामातील अडचणींच्या विश्लेषणावर पुस्तक लिहिले. त्यांचा कळीचा प्रश्न साधा आहे : माणसाला ते काम येत नाही, की येत असूनही त्याच्या हातून होत नाही? येत नसेल तरच शिकवण्याचा प्रश्न उद्भवतो. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात कार्यक्षमतेची सहा अंगे मांडली. कामाविषयीची स्पष्ट माहिती, योग्य साधने आणि कामाचा मोबदला ही तीन परिस्थितीकडची. ज्ञान, क्षमता आणि इच्छा ही तीन माणसाकडची. प्रशिक्षणाने यांपैकी प्रामुख्याने एकच अंग सुधारते, ते ज्ञानाचे. म्हणून गिल्बर्ट शोधाचा प्रारंभ परिस्थितीपासून करावयास सांगतात. तेथील सुधारणा बहुधा स्वस्त पडते आणि तिचे फळही मोठे असते.

हेच ग्रंथालयाला लावून पाहावे. समजा, एखाद्या कार्यकारी मंडळापुढे तक्रार आली, की देवघेव विभागात वाचकांना ताटकळावे लागते, पुस्तके जागेवर सापडत नाहीत. सबब सेवकांना प्रशिक्षण द्यावे. ही मागणी नाकारू नये, तिला प्रश्न विचारावेत. प्रशिक्षणानंतर नेमके काय बदललेले दिसावे अशी अपेक्षा आहे? अडचण केव्हापासून आहे, रोज आहे की फक्त सायंकाळच्या गर्दीत? हेच काम नीट करणारा कोणी सेवक आहे का, आणि तो वेगळे काय करतो? मग चार दिवस विभागात बसून काम पाहावे. कदाचित असे दिसेल, की परत आलेली पुस्तके ठेवण्यास स्वतंत्र फळीच नाही. गर्दीच्या वेळी फोन घेणे आणि वर्गणी स्वीकारणे एकाच माणसाकडे आहे. पाठीवरचे क्रमांक पुसट झाले आहेत. वर्गीकरण खरोखरच न समजलेला नवा सेवकही आढळेल. त्याला अवश्य शिकवावे. पण एका माणसाची गरज सर्वांवर लादू नये आणि एका वर्गाने सगळी दुखणी बरी होतील असे मानू नये.

या दृष्टीने बडोद्याचा इतिहास आठवण्याजोगा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर गावात वाचायला काहीच नसेल, तर गिरवलेली अक्षरे पुसली जाणारच. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला. तो वर्ग एकाकी नव्हता. सोबत मध्यवर्ती ग्रंथालय होते, वाचकांना कपाटापर्यंत मुक्त प्रवेश होता, खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या पेट्या होत्या आणि गावाने जमवलेल्या रकमेत सरकारी भर घालण्याची पद्धत होती. शिकून बाहेर पडलेल्या माणसाला शिकलेले वापरण्याजोगी व्यवस्था मिळाली, म्हणूनच त्या शिक्षणाला फळ आले.

या विवेचनात प्रश्न केवळ वाया गेलेल्या पैशांचा नाही. पंचवीस-तीस वर्षे इमानाने राबलेल्या लेखनिकाला सर्वांसमक्ष पुन्हा बाकावर बसवले जाते, तेव्हा ‘याला काम येत नाही’ असा न बोललेला निकाल त्याच्यावर लागतो. दोष पुसट क्रमांकांचा असतो आणि मान त्याचा जातो. चौकशी न करता दिलेले प्रशिक्षण हा पुष्कळदा असा अन्याय ठरतो. आणि तो सद्हेतूने केलेला असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही.

शतक पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या सेवकांना जरूर शिकवावे. तत्पूर्वी त्यांच्या मेजापाशी जाऊन ‘तुमच्या कामात अडते कोठे?’ एवढे मात्र विचारावे. त्यांच्या उत्तरातून वर्ग निघेल, एखादी फळी निघेल, नाहीतर कामाची नवी वाटणीही निघेल. पण जे निघेल ते वाचकाच्या उपयोगाचे असेल.